तात्यांनी उपसलेली टाकी

आमचे सासरे हिंदुराव, म्हणजे तात्या. धायरीतल्या जुन्या माणसांना विचाराल तर ती सांगतील, देवमाणूस! मी त्यांची सून विजयमाला, माहेर शनिवार पेठेतलं, त्यामुळे देवमाणूस वगैरे इतक्या पटकन माझ्या तोंडातून निघत नाही. माणूस चांगला आहे, एवढं म्हणते. पण त्या माणसाची जी फजिती झाली, ती शत्रूची सुद्धा होऊ नये.

आम्ही राहतो ती सोसायटी तात्यांच्याच मळ्यावर उभी आहे. बिल्डरने जमीन घेतली, बदल्यात फ्लॅट दिले आणि जन्मभर औत हाकलेला माणूस लिफ्टने खालीवर करायला लागला. माझा नवरा संपत दिवसभर कंपनीत, मी शाळेत. सासूबाई तर आधीच गेलेल्या. तात्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून खाली बाकावर जाऊन बसायचे. येणारेजाणारे 'नमस्कार काका' म्हणायचे आणि थांबायचे नाहीत. कुठे थांबणार? सगळ्यांना हिंजवडीतलं ऑफिस गाठायचं असतं.

मग त्यांना टाकी मिळाली. लॉबीत शिरलं की डाव्या हाताला माशांची मोठी काचेची टाकी आहे. पण प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा बेडूक, असला प्रकार नाही हं. आत खरी मुळं धरलेली, खरी पानं फुटणारी बाग. यज्ञेश्वर नावाच्या आयटीतल्या मुलाने ती हौसेने लावली आणि वाढवली. त्याची बदली बंगळुरूला झाली तेव्हा सोसायटीला प्रश्न पडला, आता बघणार कोण? तात्या म्हणाले, "मी बगतो की."

आणि बघितलं हो, खरंच मन लावून बघितलं. पिवळी पानं खुडायची, दाटी झालेली रोपं काढून दुसरीकडे लावायची, कुठल्या कोपऱ्यात खताची गोळी खोचायची, सगळं. त्याला ते निंदणीच म्हणायचे. संध्याकाळी पोरं भोवती जमायची. मोठी माणसंसुद्धा थांबून विचारायला लागली, "काका, हा लाल पानाचा प्रकार कुठला?" तात्यांना पुन्हा रान मिळालं, दोन हात लांबीचं का होईना. त्या दिवसांत ते घरात गुणगुणायचे. मला बरं वाटायचं.

पुढे टाकीचा जुना फिल्टर घरघरायला लागला. कमिटीने नवा आणवला, डब्यासारखा, बाहेर ठेवायचा, चांगला दणकट. यज्ञेश्वरने तात्यांना फोनवर सगळं समजावलं. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी पोळ्या लाटत होते, म्हणून मला शब्दन् शब्द माहीत आहे.

"काका, जुना लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही सोबत चालू द्या. जुन्या स्पंजवर तो तपकिरी चिकट थर आहे ना, ती घाण नाही. त्यात जिवाणू असतात. माशांच्या विष्ठेतून जे विष तयार होतं, ते हे जिवाणू संपवतात. नव्या फिल्टरमध्ये ते वाढायला वेळ लागतो. तोवर जुन्याला हातही लावू नका."

"हां हां, समजलं," म्हणत तात्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसले. "बग पोरी, पान्याचं मला शिकवतोय! विहिरी उपसण्यात हयात गेली माझी."

तीच तर गोम होती. वैशाखात पाणी तळाला गेलं की विहीर उपसायची, ही गावाची रीत. गडी आत उतरायचे, पाटीनं गाळ वर यायचा, तो काळा गाळ रानात पसरायचा. विहीर खडखडीत स्वच्छ झाली की नव्या झऱ्याला हळदकुंकू आणि नारळ. जो गाळ ठेवील तो आळशी, असा सरळ हिशोब. तात्यांच्या दृष्टीने यज्ञेश्वर त्यांना गाळ ठेवायला सांगत होता!

नवा फिल्टर लावून आठवडाही झाला नव्हता, तोच मुहूर्त काढला अक्षय्यतृतीयेचा. मी शाळेत होते, हे सगळं मागून कळलं; तात्यांनी सगळ्या बिल्डिंगला बोलावलं. टाकीपुढे नारळ फोडला. जुना फिल्टर बाहेर काढून त्यातला स्पंज पिळला, तर हे एवढं काळंतपकिरी पाणी बादलीत पडलं. सगळे 'ईऽऽ' करून मागे सरले. आमचे सेक्रेटरी दिगंबरराव म्हणाले, "काका, या घाणीत राहत होते होय आमचे मासे? नळाला येणारं खडकवासला धरणाचं पाणी पिणाऱ्यांनी तक्रार करायला नको म्हणा." लोक हसले, टाळ्या पडल्या. तात्यांनी खालची वाळूसुद्धा ढवळून गाळ काढला, अर्धीअधिक रोपं छाटली, आणि ती बादली वर आणून माझ्या मोगऱ्याच्या कुंड्यांत रिकामी केली. स्पंजचे तुकडे करून तेही मातीत दडपले.

मी शाळेतून येऊन बघते तर हे! म्हटलं, "तात्या, तो मुलगा काय सांगत होता?"

"आगं, पानी बग जाऊन. आरसा हाय आरसा!"

पाणी होतं खरं आरशासारखं. त्या आरशात दोनचार दिवसांतच मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मग एकेक उलटा व्हायला लागला. तात्या पाणी बदलत होते, हात जोडत होते, त्यांना काही सुधरेना. आठवड्याच्या आत टाकीत नुसती छाटलेली रोपं उरली. खालच्या मजल्यावरची पोरं काचेला नाक लावून रडत होती.

लॉबीत माणसं जमली. दिगंबररावांनी हवेत नाक फिरवलं आणि निकाल दिला, "फिनेल!"

लॉबी पुसायला सरुबाई येते. जुन्या धायरीतली बाई, तिची सासू आमच्याच मळ्यात खुरपायला असायची. घरापासून हाकेच्या अंतरावर काम, पोरांच्या शाळेच्या वेळा सांभाळता येतात, म्हणून या नोकरीला ती जिवापाड जपायची. ती तिथेच उभी होती, हातात बादली आणि बादलीत फिनेल. झालं की मग!

"मी रोजच लावते साहेब," ती म्हणाली. "आजवर कधी न्हाय झालं."

दिगंबरराव तात्यांकडे वळले. "काका, पाण्यातलं तुम्हाला कळतं. फिनेलच असणार ना?"

मी दारातून आत येत होते. तात्यांच्या तोंडाकडे सगळे बघत होते, सरुबाईसुद्धा. तिला वाटलं असणार, आता तात्या सांगतील. तात्या खाली फरशीकडे बघत म्हणाले, "असंल."

एवढाच शब्द. संतापाने माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पुढे होईपर्यंत दिगंबररावांनी कंत्राटदाराला फोन लावला सुद्धा, दुसरी बाई पाठवा म्हणून. शेवटचं काय ते रविवारच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं.

त्या दिवसापासून तात्यांनी लॉबी सोडली. बाहेर जायचं तर पार्किंगच्या मागच्या जिन्याने. ताट पुढे आलं की चार घास चिवडून उठायचे. संपतला वाटलं, मासे गेल्याचं दुःख. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"तात्या, मासे कशाने मेले?"

त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "म्या मारलं. मासं वर तोंड काढाया लागलं तवाच उमगलं मला."

"मग तिच्यासमोर 'असंल' कसं म्हणवलं?"

"लाज वाटली गं. समदी बोलावली, नारळ फोडला, टाळ्या घेतल्या. त्याच मानसांम्होरं कुठल्या तोंडानं सांगू?"

"आणि तिला काढताना लाज नाही वाटली?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतकं म्हातारं माणूस, इतकं लहान झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. कीव आली, पण राग काही जाईना. म्हटलं, "रविवारी तुम्ही सांगताय की मी सांगू?"

"म्या सांगतो," ते म्हणाले.

आणि सांगितलं. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. तात्या उठून उभे राहिले. सगळं सांगितलं, यज्ञेश्वरचा फोन, स्पंज, गाळ, मोगऱ्याच्या कुंड्या. "सरूची काय चूक न्हाय. मासं म्या मारलं. आन् तिच्यावर आलं तवा मी खोटं बोललो. मला लाज वाटती."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

दिगंबरराव म्हणाले, "काका, म्हणजे घाण काढली म्हणून मासे मेले? मग उद्यापासून आम्ही आंघोळी बंद करतो."

सगळी मीटिंग हसली. आणि मग दिगंबररावांचा चेहरा गंभीर झाला, आवाज जड झाला. "मंडळी, हसू नका. याला म्हणतात मनाचा मोठेपणा. आपल्या गावच्या बाईची नोकरी राहावी म्हणून काका सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतायत. आजच्या जमान्यात कोण करतं हो?"

टाळ्या! अगदी कडकडाट. तात्या "आवो, खरं सांगतोय, खरं सांगतोय" म्हणत होते, ते कुणाला ऐकूही गेलं नाही. मी उठून ओरडले, "यज्ञेश्वरला फोन लावा, तो सांगेल!" तर दिगंबरराव म्हणतात कसे, "वहिनी, सासऱ्यांच्या पाठीशी उभ्या राहिलात, कौतुक आहे. पण आता फोनाफोनी कशाला? काकांच्या शब्दाखातर ठेवलं बाईला. फक्त टाकीजवळ फिनेल नको." कुणीतरी तात्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि लगेच पुढचा विषय सुरू झाला, पार्किंगचे स्टिकर.

सरुबाई इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली आणि सगळ्यांदेखत तात्यांच्या पायावर वाकली. तात्यांनी चटका बसावा तसे पाय खुर्चीखाली ओढले.

"सरू, नको गं. म्या मारलं मासं. तुला तरी पटतंय न्हवं?"

"कशाला माझ्यापायी खोटं बोलताय, तात्या?" ती हळूच म्हणाली. "बादली टाकीच्या कडंलाच ठिवली हुती मी. उडाला असंल येखादा थेंब. सकाळीच त्या रडणाऱ्या पोरांची माफी मागून आले."

तात्या रडायला लागले. हुंदके देऊन, लहान पोरासारखे. दिगंबरराव स्टिकरचा विषय अर्धा टाकून जवळ आले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका हो. माशांचं काय, नवे आणू."