सदूकाकांचा कोट

एका रविवारी सकाळी सदूकाका दाढीचा आरसा काखोटीला मारून आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "काय गो, मला माझं चित्र काढायला शिकव. मी गेल्यावर भिंतीवर लावायचंय." मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मांडवीत त्यांच्या शेजारी राहते, एवढाच माझा अपराध. काका तेव्हा चांगले ठणठणीत होते. समुद्रावरची फेरी एक दिवस चुकवत नसत.

या हट्टाचं कारण त्यांच्या ओटीवरच टांगलेलं होतं. काकांचे वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, तोही उघड्या अंगाचा. स्टुडिओवाल्याने तो मोठा करताना परस्पर कोट-टाय चढवून दिला. "बाबांनी जन्मभर पंचा नेसला, नि मेल्यावर निघाले विलायतेला!" काका म्हणायचे. "नातू विचारतो, पणजोबा वकील होते काय? माझ्या भिंतीवर असलं खोटं नको हो."

चेहरा हळूहळू जमला. कान जरा मोठे आले, पण ते मुळातही होतेच. अडलं ते पुढेच. बघणाऱ्याला माणूस कळेल अशी एखादी वस्तू चित्रात असू द्या, असं मीच सुचवलं होतं. काकांनी हातात हापूस काढला आणि लगेच खोडला. "शिंचं आंब्याच्या पेटीवरचं चित्र वाटतंय." मग कचेरीतलं पेन आलं. "हे सरकारचं," म्हणून तेही गेलं. शेवटी त्यांनी मांडीवर एक जाडजूड ग्रंथ घेतला. पेपरातल्या शब्दकोड्यापलीकडे काकांना काही वाचताना मी कधी पाहिलं नव्हतं.

खरं तर त्यांची ओळख सगळ्या आळीला ठाऊक होती. नारळ खवावा तो सदूकाकांनीच. गणपतीत मोदकांसाठी घरोघरून बोलावणं यायचं. काका लेंगा वर सरकवून विळीवर बसायचे आणि ताटात खोबऱ्याचा पांढराशुभ्र चव पडू लागायचा. "करवंटी लागायच्या आत थांबावं गो, नायतर काळं येतं," हे त्यांचं पालुपद. शेजाऱ्यांच्या भांडणात कोणी फार खोल शिरू लागलं, तरी ते हेच म्हणायचे.

ग्रंथाचं चित्र त्यांनी मोठ्या ऐटीत ओटीवर मांडलं आणि बायकोला, म्हणजे आमच्या माईंना, हाक मारली. माईंनी पदराला हात पुसत ते नीट पाहिलं.

"ह्यात विळी कुठाय?"

"वेड लागलंय काय? भिंतीवर विळी? हेडक्लार्क होतो मी! लोक हसतील."

माईंनी शांतपणे सासऱ्यांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "मग हा ग्रंथ म्हणजे तुमचा कोटच की हो."

काकांनी फोटोकडे पाहिलं, ग्रंथाकडे पाहिलं आणि चित्र गुंडाळून आत गेले. आठवडाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एका संध्याकाळी आले, ते विळी हातात घेऊनच.

नव्या चित्रात काका विळीवर बसले, हातात अर्धा नारळ. तो नारळ त्यांनी इतका गिरवला, इतका गिरवला, की शेवटी मीच म्हटलं, "काका, करवंटी लागली." मोठ्याने हसून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. चित्र त्यांच्या वडिलांच्या शेजारी लागलं. भेटायला येणारे तोंड पाडून ओटीवर चढत आणि चित्र दिसताच हसू दाबत आत जात. मला त्याचं फार बरं वाटायचं.

गणपतीत मी मदतीला गेले. माई विळीवर बसल्या होत्या. ताटातल्या चवात मधेमधे काळं येत होतं. काकांची इतकी आठवण आली, की माझे डोळे भरून आले. माईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वर चित्राकडे.

"बघ गो," त्या म्हणाल्या, "ऐन चतुर्थीला कसे आयते वर जाऊन बसलेत. खाली उतरा म्हणावं, एवढे नारळ कोण खवणार?"