झिजलेल्या नाकाची देवी

आमच्या देवघरातल्या देवीचा हात माझ्यामुळे तुटला. सासूबाईंचं मनगट दुखत होतं, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच मी मूर्ती घासायला घेतली. चिंचेच्या कोळाने ती बुळबुळीत झाली होती. निसटली आणि फरशीवर आपटली. सासूबाई जेवायच्या थांबल्या. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटावर बसायचं नाही हा त्यांचा नेम, आणि भंगलेल्या मूर्तीला नैवेद्य चालत नाही. त्या दूध-केळ्यांवर राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एका ओतकाम करणाऱ्या कारागिराकडे गेले, सासूबाईंच्या नेमाचं सांगितलं. जुनी मूर्ती समोर ठेवून त्यांनी मेणाची नवी घडवायला घेतली. मी अंबडच्या कारखान्यात सुटे भाग तपासते. तिथे एका साच्यातून हजारो नग निघतात, म्हणून विचारलं, "साचा किती वेळा चालतो?"

"एकदाच. मेणावर माती लावायची, वाळवायची, भट्टीत तापवायची. मेण वितळून जातं, त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्ती काढायला साचा फोडावाच लागतो."

"आणि धातू नीट भरला नाही तर?"

"तर परत मेणापासून सुरुवात."

माझे प्रश्न काही थांबेनात. मेणाच्या त्या बारीक काड्या कशाला? हवा बाहेर जायला. मातीत शेण का? तडे जाऊ नयेत म्हणून. शेवटी ते हसून म्हणाले, "ताई, उद्या आजींना घेऊन या. मेणातच बघून घ्या. माती चढली की माझ्याबी हातात काय नाय."

सासूबाईंनी मेणाची मूर्ती नीट निरखली. धारदार नाक, टपोरे डोळे. कारागीर कौतुकाची वाट बघत होते.

"देखणी आहे," त्या म्हणाल्या. "पण ही कोण?"

सासूबाईंनी मूर्ती हातात घेतली आणि अंगठ्याने तिचा चेहरा पुसायला लागल्या, रोज आंघोळ घालताना पुसायच्या तसाच. उबेने मेण मऊ पडलं.

"अहो आजी, नाक गेलं!"

"जुनीचंही मीच घालवलंय. चाळीस वर्षं पुसून पुसून."

मग कारागिरांनी त्या चेहऱ्याला कोरणी लावली नाही.

ओतकाम झालं, साचा निवला. त्यांनी हातोडी उचलली तेव्हा मी चक्क डोळे मिटले. माती फुटल्याचा आवाज आला, मग त्यांचा, "भरली, ताई!" काळपट, बसक्या नाकाची देवी मातीत पडली होती.

मूर्ती भंगल्यापासून दहाव्या दिवशी घरी नैवेद्य दाखवला. सासूबाई ताटावर बसल्या, वरणात भाकरी कुस्करली. मी तूप वाढायला वाकले तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "उद्यापासून देवीला आंघोळ तू घालायची."