गार पाण्याची पारख

फवारणीत लोटनचा हात किती तयार, हे गिरणाकाठच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं आणि सगळ्यांत जास्त खुद्द लोटनला. युरिया विरघळला की पाणी गार पडतं. लोटन ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालायचा आणि गारवा मनासारखा लागला की म्हणायचा, "पानी थंडं व्हयनं, दवाई पुरी व्हयनी." माप घेऊन बसणाऱ्यांची तो टिंगल करायचा. त्याच्या हातून कधी पान करपलं नव्हतं, म्हणून आम्हीही हसायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची धाकटी बहीण तानुबाई हिच्या मोसंबीची फळं गळायला लागली. बाग नवऱ्याने लावलेली. तो गेल्यावर तिने डोक्यावर पाणी वाहून जगवलेली. या साली बहार गेला तर झाडं तोडून कापूस लावू, असं दीर बोलून चुकला होता. तिने भावाला बोलावणं धाडलं.

भडगावच्या शेतकी साहेबांनी लोटनला उपाय सांगितला. युरियाच्या पाण्यात तणनाशकाचे अगदी थोडे थेंब टाकायचे, म्हणजे फळाचा देठ सुटत नाही. "जास्त पडलं, तर ते औषध झाडालाच तण समजेल," असंही ते म्हणाले होते.

ड्रम सकाळपासून उन्हात तापला होता. लोटनने युरिया टाकला, थेंब टाकले, हात घातला. पाणी कोमटच. त्याने बाटली पुन्हा कलती केली.

"नाना, साहेबनी जराशीच दवाई सांगेल शे ना?" तानुबाई म्हणाली.

"मन्ही बहीनना बाग शे, हात कसाले आखडू?" म्हणत त्याने बाटली रिकामी केली. तणनाशकाने पाणी कधीच गार होत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्या माणसाचा मला अजून राग येतो, आणि कीवही.

चार-दोन दिवसांत गळ थांबली. झाडाखाली एक फळ दिसेना. दीर येऊन मुकाट्याने परत गेला. तानुबाईने भावासाठी पुरणाचे मांडे केले. जेवता जेवता लोटनची नजर बागेकडे गेली. कोवळे शेंडे खाली मुरगळले होते, पानं दोरीसारखी पिळवटली होती. ताटातला मांडा तसाच राहिला.

पोळ्यापर्यंत बाग शेंड्याकडून वाळत खाली आली. फळं सुपारीएवढी, काळी होऊन फांद्यांना चिकटूनच होती. दिराने कुऱ्हाड आणली त्या दिवशी लोटनही आला. पहिल्या घावाला झाड हादरलं.

"नाना," तानुबाई वर बघत म्हणाली, "एकबी फळ गळनं नही."

टोमणा मारणं तिला येत नव्हतं. लोटनने पाठीवरचा पंप उतरवून बांधावर ठेवला. पंप न्यायला तो पुन्हा आला नाही.