कुमुदताई आणि माझ्या नावावरचे प्रकरण

कुमुदताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते वाशिमला, एका प्रशिक्षणात. गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य योजना खरोखर लोकांपर्यंत पोहोचतात की नाही, हे तपासण्याचे आमचे काम. त्यात मी जुना, त्या नव्या. वयानेही माझ्याहून चार वर्षांनी लहान. दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्या आशाताई त्यांच्याभोवती गोळा झाल्या होत्या आणि मी कोपऱ्यात एकटा भाकर मोडत होतो. आज त्यांच्या एकसष्टीच्या निमित्ताने स्पष्टच लिहितो, जळफळाट त्या दिवशीच सुरू झाला.

त्यांच्या कामाची शिस्त मोठी. अहवाल वेळेवर, अक्षर मोत्यासारखे, आवाज कधी चढलेला नाही. कारंजा लाडच्या एसटी स्टँडवर भर उन्हात बस चुकली, तेव्हा मी कंडक्टरच्या नावाने शंख करत होतो. ताईंनी तेवढ्या वेळात शेजारच्या भाजीवालीकडून तिच्या सुनेच्या बाळंतपणाची सगळी हकीकत काढून घेतली. अशा माणसाबरोबर काम करणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक!

माझ्या पत्नीचे ऑपरेशन झाले तेव्हा आठ दिवस डबा त्यांच्या घरून येत होता. पत्नी म्हणाली, "ताईंसारखं जरा मानसाचं आयकून घेत जा." मला कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर.

आता मुद्द्याचे. मेडशीकडच्या एका गावात आम्ही गृहभेटींची तपासणी करत होतो. एकाच घरी दोघांनी वेगवेगळे जायचे, एकमेकांना न विचारता फॉर्म भरायचा आणि मग ताडून पाहायचे, अशी आमची पद्धत. मी एका बाईंना विचारले, "आरोग्यसेविका घरी येतात का?" त्या म्हणाल्या, "येतात ना." मी 'होय'वर खूण केली. गावभर असेच 'होय' मिळाले. योजना उत्तम चालली आहे, असे अहवालातले माझ्या वाट्याचे प्रकरण मी लिहूनही टाकले.

त्याच घरी ताईंनी विचारले, "मागच्या खेपेले सेविका आली, तवा तुमी काय करत होत्या?"

"वावरात सोयाबीन सोंगून राह्यली होती. शेजारीन सांगते, आली होती म्हनून. कुलपाले गोया चारन काय ते?"

रक्तवाढीच्या गोळ्या घरोघर फिरत होत्या आणि ज्यांनी त्या घ्यायच्या त्या बाया शेतात होत्या. फॉर्म ताडताना माझा चेहरा उतरला. ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या बाईनं तुमाले खोटं नाही सांगतलं. तुमी इचारलं तेवढंच सांगतलं."

मला राग आला. तरी रात्रीतून प्रकरण बदलायचे ठरवले. ताईंनी आपली सगळी टिपणे माझ्यापुढे ठेवली. भेटी बाया शेतात जाण्याआधी किंवा परतल्यावर व्हाव्यात, ही सूचनाही त्यांचीच. प्रकरणाखाली मात्र त्यांनी फक्त माझे नाव राहू दिले. "प्रकरण तुमच्या वाट्याचं होतं," एवढेच म्हणाल्या. मी नाही म्हटले नाही.

भेटींच्या वेळा बदलल्या. पुढच्या खेपेला त्याच बाईंनी आम्हांला गोळ्यांचे पाकीट आणून दाखवले. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मग ठिकठिकाणी या विषयावर माझी भाषणे झाली. एका भाषणाला ताई पहिल्या रांगेत होत्या आणि मनापासून टाळ्या वाजवत होत्या. मी संपूर्ण वेळ खिडकीकडे पाहून बोललो. हेवा तरी कशाचा करायचा? श्रेय माझ्याकडे होते, आणि तरीही मलाच त्यांचा हेवा वाटत होता.

म्हणून या गौरव अंकाच्या संपादकांना विनंती, पुढची ओळ कापू नये. ते प्रकरण कुमुदताईंचे आहे, माझे नाही.

ताई, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, पाय असेच गावोगाव चालते राहोत. समारंभात हे वाचले जाईल तेव्हा "भाऊ काईबी लिहितात" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. खरे सांगितल्याचे एवढे एक श्रेय तरी मला माझे स्वतःचे घेऊ द्या.