भलत्या गालावरचा तीळ

शिमोन गावाकडे रस्त्याकडेच्या देवळ्यांसाठी लाकडी संत कोरायचा. त्याचे सगळे संत एकाच आईचे वाटत, पण गावाची तक्रार नव्हती. लढाईत तो पकडला गेला आणि जर्मनांनी त्याला पोलिश अधिकाऱ्यांच्या बंदिछावणीत हरकाम्या म्हणून टाकलं. चुली पेटव, बराकी झाड, बटाटे सोल. तिथल्या कैदी साहेबांना टपालाचं खूळ लागलं होतं. कुंपणाबाहेर महिन्याला मोजकीच पत्रं, तीही तपासून. मग आतल्या आतच या बराकीतून त्या बराकीत पत्रं धाडायची, आणि तिकिटांचे पैसे मेलेल्या सोबत्यांच्या विधवांसाठी ठेवायचे. पोटात नाही दाणा आणि यांना तिकिटं हवीत, असं शिमोनला वाटलं. पण कोरायला कुणी हाक मारली म्हटल्यावर गडी कसला थांबतोय.

तिकिटाच्या ठशासाठी मोडक्या स्टुलाच्या पायाची चकती, दाढीचं पातं, ग्रामोफोनची सुई, एवढीच हत्यारं-सामग्री. शाई म्हणजे चुलीची काजळी आणि मार्गारीनचं नकली लोणी. कागद पार्सलांच्या वेष्टनाचा, आणि छपाई चमच्याच्या पाठीनं घासून. अक्षरं एका चित्रकार कप्तानानं उलटी आखून दिली होती. मधोमध हवी होती विधवा, कडेवर लेकरू.

शिमोनच्या हातून बाई निघे ती येशूची आई मरियाच. म्हणून त्यानं लेफ्टनंट रोमुआल्दकडे फोटो मागितला. रोमुआल्द वॉर्सातला शाळामास्तर. त्याच्याकडे घरचा एकच फोटो होता: बायको अनिएला, डाव्या कडेवर तान्ही हान्का, आणि अनिएलाच्या डाव्या गालावर तीळ.

"लेकरू कसं धरलंय तेवढं बघतो, साहेब. रविवारी परत."

"सुरकुती पडली तर बघ. तुझ्या सगळ्या संतांची नाकं कापीन."

शिमोननं दिसलं तसं कोरलं. लाकडी संत कोरणाऱ्याला दुसरं काय ठाऊक? त्याचा संत कोरल्या तोंडानंच उभा राहतो, त्याला कागदावर पालथा कोण घालतो. छापल्यावर सगळं फिरलं. लेकरू उजव्या कडेवर, तीळ उजव्या गालावर.

रविवारी रोमुआल्दनं तिकीट हातात घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नवरा जिवंत असताना बायकोला विधवा करतोस? मला जित्याजी पुरलंस की रे."

मग त्यानं तिकीट डोळ्यांजवळ नेलं आणि तो खो खो हसत सुटला. "नाही, नाही. तीळ भलत्या गालावर आहे. ही दुसरीच कुणी. वाचलो बाबा मी."

सगळी बराक हसली. शिमोनला मात्र ते झोंबलं. पंधरा गावांत त्याचे संत उभे होते, आणि त्याच्या चुकीवर मास्तर हसतो म्हणजे काय?

"फोटो अजून एक दिवस राहू द्या, साहेब. सुधारून देतो."

रोमुआल्दनं राहू दिला.

सोमवारी सकाळी झडती आली. शिमोनच्या गादीतल्या गवतात पातं सापडलं, सुई सापडली, चकती सापडली, आणि त्यांच्याबरोबर फोटोही. शिपायानं सगळं एका मुठीत उचललं आणि पातं तेवढं बाजूला ठेवून बाकीचं चुलीत टाकलं. शिमोनला दहा दिवस अंधारकोठडी. त्या दहा दिवसांत भूक त्याला लागली नाही असं नाही, पण डोळ्यांपुढे सारखी ती चूल होती. एका दिवसाच्या ताठ्यापायी त्यानं दुसऱ्याचं घर जाळलं होतं.

बाहेर आल्यावर तो रोमुआल्दसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"जाऊ दे रे," रोमुआल्द म्हणाला. "अनिएलाला लिहितो. दुसरा पाठवील."

पत्र जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला वॉर्सा जर्मनांविरुद्ध उठलं.

ऑक्टोबरात तिथले पकडलेले लोक छावणीत आले. त्यांतला एकजण रोमुआल्दच्या गल्लीतला निघाला. बॉम्ब पडला तेव्हा सगळी इमारत तळघरात उतरली होती, आणि मग इमारतच तळघरावर उतरली. अनिएला, हान्का, कुणीच वर आलं नाही. तिला विधवा दाखवलेलं बघून रोमुआल्द घाबरला होता, आणि विधुर तोच झाला.

तीन दिवसांनी तो शिमोनकडे आला. "त्यातलं एखादं तिकीट उरलंय का?"

"नवं कोरतो, साहेब. तीळ नीट जागेवर."

"कशावरून कोरशील?"

 शिमोननं टोपीच्या अस्तरात ठेवलेलं तिकीट काढून दिलं. रोमुआल्द त्याला एका शब्दानंही बोलला नाही. बोलला असता तर शिमोनला बरं वाटलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी शिमोन न्हाणीघरात पाण्याची बादली घेऊन जाई, तेव्हा रोमुआल्द दाढी करत असे. अर्ध्या तोंडाला साबण तसाच राही, आणि तो ते तिकीट आरशासमोर धरी. आरशात तीळ पुन्हा अनिएलाच्या डाव्या गालावर येई, हान्का डाव्या कडेवर येई. शिमोन आवाज न करता बादली खाली ठेवी आणि तो तिकीट खिशात घालेपर्यंत दाराबाहेर थंडीत उभा राही.