शिळं पाणी

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या तळघरात सांडपाणी शुद्ध करणारा प्लांटही आला. तिथलं पाणी फिरून आमच्याच फ्लशला येतं. गेल्या वर्षी त्या पाण्याला वास यायला लागला आणि सोसायटीची सेक्रेटरी म्हणून सगळ्यांची बोलणी मी खाल्ली. मी मुळात तापट. प्लांटचा ऑपरेटर कामचुकार आहे, त्याला काढून टाका, असं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. रविवारच्या मीटिंगमध्ये त्याचा निकाल लागणार होता.

पत्र लिहून झालं आणि मला चैन पडेना. ज्याच्याबद्दल पानभर खरडलं, तो प्लांट मी कधी पाहिलाच नव्हता. नसत्या चौकशांची खोड मला लहानपणापासून आहे. शुक्रवारी सकाळी सहाला मी खाली उतरले.

ऑपरेटर पन्नाशीचे, शिवडीहून चालत येणारे. पत्राची कुणकुण त्यांना लागलेली असणार, तरी त्यांनी स्टूल पुसून दिलं. मी विचारत सुटले. पहिल्या टाकीत अख्ख्या इमारतीचं पाणी जमतं. तिथून ते बेताबेताने दुसऱ्या टाकीत सोडायचं. दुसरीत हवेचे बुडबुडे आणि तपकिरी गाळ, आणि त्या गाळातले जिवाणू घाण खातात.

"यांना थोडं थोडं, टायमावर लागतं मॅडम," ते म्हणाले. "एकदम लोंढा आला की बिचारे वाहून जातात. मग साफ करणार कोण?"

"पण लोंढा येतो कुठून?"

"आता येईल, बघा."

सव्वासहाला पाइप धडधडायला लागला. पहिली टाकी बघता बघता काठोकाठ भरली, जादाचा पंप आपोआप सुरू झाला आणि दुसरीतला गाळ पुढे पळाला. मी वाकून पाहिलं. येणारं पाणी चक्क स्वच्छ होतं.

"अंघोळींचं असेल," मी म्हटलं.

"मग फेस कुठाय? अर्धा तास असंच चालणार. नंतर दुपारपर्यंत हे उपाशी."

स्वच्छ पाणी, रोज एकाच वेळी, कोण ओततंय? पाइप धडधडत असतानाच मी लिफ्टने घरी आले. बाथरूममध्ये सासूबाई पिण्याच्या पाण्याचं पिंप उलटं करत होत्या.

"हे काय करताय?"

"कालचा पाणी शिळा झाला गो. ताजा भरूक नको?"

चाळीत साडेसहाला नळ यायचा. त्याआधी कालचं पाणी ओतून पिंप घासून ठेवायची रीत. टॉवरमध्ये दिवसभर पाणी आहे, पण रीत तीच आणि वेळही तीच. मी रोज हे पाहत होते आणि कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं! शेजारी विचारलं, वरच्या मजल्यावर विचारलं. शिळं पाणी कुणीच पीत नव्हतं.

रविवारी मी पत्र मागे घेतलं आणि चूक आपली आहे, माझ्या घरापासून सगळ्यांची, असं सांगितलं. कुजबुज झाली. सासूबाई तिथेच फणकारल्या, "म्हणजे आता शिळा पाणी पियाचा?"

ऑपरेटर दाराशी उभे होते. "ओता ना आजी," ते म्हणाले. "फक्त सगळ्यांनी एकदम नको. थोड्या मजल्यांनी सकाळी, थोड्यांनी दुपारी, बाकीच्यांनी संध्याकाळी."

मजले वाटून दिले गेले. सासूबाईंना दुपारची पाळी आली आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. महिन्याभरात वास गेला. ऑपरेटर अजूनही आमच्याकडेच आहेत.

त्या रविवारी मीटिंग संपल्यावर मात्र मी त्यांना जिन्यात गाठलं. "तुम्हाला लोंढ्याचं माहीत होतं, मग आधीच का नाही सांगितलंत?"

"दोनदा वर आलो होतो मॅडम," ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "तुम्ही म्हणालात, आधी वासाचं बघा, मग बोला."

मला आठवलं, आणि फार लाज वाटली. तेव्हा मी दाराची साखळीसुद्धा काढली नव्हती.