लिंगदीआजीच्या बासरीवरचा पापुद्रा

चीनमधल्या सुचौ शहरातल्या आमच्या गल्लीतल्या लिंगदीआजीने सत्तरीत बासरी विकत आणली, तेव्हा बागेत बुद्धिबळ खेळणारे शेनकाका खो खो हसले. उभ्या आयुष्यात साधी शिट्टी न वाजवलेला माणूस, पण सल्ला द्यायला पुढे!

"ताई, बासरी कोवळ्या वयात शिकायची असते. तुमच्या छातीत आता दम कुठला?"

आमच्या चिनी बासरीला फुंकायच्या भोकाशेजारी एक जास्तीचं भोक असतं. त्यावर बोरूच्या पोकळ काडीच्या आतला पातळ पापुद्रा लसणाच्या रसाने चिकटवतात. आजीने बागेतच बसून तो इस्त्री केल्यासारखा ताणून बसवला. सूर निघाला, पण घसा बसल्यासारखा.

"बघा, म्हटलं नव्हतं? वय झालं!" काकांनी टोमणा मारला.

आजी हट्टाला पेटली. गाल दुखेपर्यंत जोर लावला, तरी आवाज तसाच. मग जोर सोडून ती पापुद्र्याच्याच मागे लागली. रोज काढायचा, पुन्हा लावायचा. एका सकाळी तिने तो दोन्ही अंगठ्यांनी चेपून त्यावर बारीक चुण्या पाडल्या आणि हलकेच फुंकलं. सूर खणखणला आणि अख्खी बाग वळून बघायला लागली.

काका पटावरून उठून आले. "ताई, केलंत तरी काय?"

"गुळगुळीत होता तोवर मुका होता रे," आजी म्हणाली. "सुरकुत्या पडल्या, तेव्हा कुठे बोलायला लागला."